गच्चीवरचा घेवडा फ्रीझरमध्ये टिकवण्यासाठी मदत हवी आहे

सिंहगड रस्त्यावरील आमच्या घराच्या गच्चीवर यंदा घेवडा आणि मटार यांना इतका बहर आला आहे की, शेजारीपाजारी वाटूनही रोज सूपभर शेंगा उरतात आणि हाताने वाढवलेले असे वाया जाऊ द्यायला मन धजावत नाही.

मागील हिवाळ्यात मी घेवडा नुसताच धुऊन, मोडून पिशव्यांत भरून ठेवला होता. दीड-दोन महिन्यांनी पिशवी उघडली तेव्हा शेंगांवर बर्फाचा भुगा जमला होता, रंग राखाडी झाला होता आणि भाजीला वाळक्या गवतासारखा वास येत होता. भाजी न उकळता गोठवली तर तिच्यातील विकरे (एन्झाइम) थंडीतही संथपणे काम करत राहतात आणि रंग-चव बिघडते, हे मला नंतर समजले. म्हणून यंदा घेवडा ३ मिनिटे आणि मटार दीड मिनिट उकळत्या पाण्यात ठेवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकते. मटार छान जमले. घेवडा मात्र शिजवल्यावर अजूनही लिबलिबीत होतो.

शेंगा फडक्यावर किती वेळ सुकवाव्यात, आणि पिशवीत भरण्याआधी ताटात सुट्या पसरून गोठवल्याने खरोखर फरक पडतो का? आमचा फ्रीज साधा दोन दारांचा असल्यामुळे त्यात एका वेळी किती भाजी ठेवावी, हेही कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे. पालकाची पहिली खुडणी येत्या रविवारी आहे. तो चिरून ठेवावा की अख्खी पाने ठेवावीत?