मदत हवी आहे: एसिटालोप्रामचा (चिंता-नैराश्यावरच्या गोळीचा) गुण यायला तुम्हाला किती दिवस लागले?

रात्री अडीचला छातीत धडधड, तळहात घामाने ओले, ईसीजी मात्र नॉर्मल. असं तीनदा झाल्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. एसिटालोप्राम ५ मिग्रॅ, आठवड्याने १०. झोपताना क्लोनाझेपाम (घबराट शांत करणारी गोळी), पण तेही दोनच आठवडे. सवय लागते म्हणाले. आज अकरावा दिवस. मळमळ आहे आणि धडधड उलट वाढल्यासारखी वाटते! सुरुवातीला असं होऊ शकतं, खरा फरक ४ ते ६ आठवड्यांनी, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण सासूबाईंचं रोज चालू, "गोळ्या सोड, प्राणायाम कर." (अहो, तोही करतेच आहे.) मनाने गोळी बंद करणार नाहीये. ज्यांनी घेतली, त्यांना नेमका कधी फरक जाणवला? सोबत सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) केल्याचा फायदा झाला का? पुण्यात मराठीतून सीबीटी करणारं कुणी माहीत असेल तर प्लीज सांगा.