मदत हवी आहे: चंद्राच्या फोटोत नुसती पांढरी चकती येते

नमस्कार मंडळी,

गेले तीन महिने दर पौर्णिमेला मी चंद्राचा फोटो काढायला गच्चीवर जातोय आणि दर वेळी हात हलवत परत येतोय. माझी आठ वर्षांची मुलगी दुर्बिणीला डोळा लावते तेव्हा तिला चंद्रावरचे डाग आणि खड्डे स्पष्ट दिसतात. "बाबा, मग फोटोत का नाही येत?" असं ती विचारते आणि मला काही सांगता येत नाही. खोलीत लावायला तिला मी काढलेलाच फोटो हवाय, म्हणून मनापासून विचारतोय.

कॅमेरा क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरचा, २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर आहे. लेन्स ७०-३०० मिलिमीटर, ट्रायपॉड साधा. ऑटो मोडवर पांढरीफटक चकती येते आणि भोवती धुरकट वलय. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (प्रकाश कमी-जास्त करायची सोय) उणे ३ केल्यावर डाग दिसू लागले, पण फोटो मोठा केला की सगळं पुसट, कुठेही धार नाही. फोकस रिंग अनंताच्या खुणेवर ठेवतो, स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर भरून काढणारी सोय) चालू असतं आणि बटण बोटानेच दाबतो. चुकतंय कुठे?

प्रतिसाद १

चकतीचं कारण सोपं आहे. फ्रेमचा बहुतेक भाग काळं आकाश असतो, त्यामुळे कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे आणि तो भरमसाट प्रकाश आत घेतो. चंद्रावर मात्र त्या वेळी लख्ख ऊन पडलेलं असतं. तुम्ही रात्री उभे आहात, पण फोटो दिवसाचा काढताय, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं जमतं.

मॅन्युअल मोडवर या. पौर्णिमेच्या चंद्रासाठी जुना ठोकताळा आहे: अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/११ आणि शटर स्पीड १ भागिले आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता). म्हणजे आयएसओ २०० असेल तर साधारण १/२०० सेकंद. तिथून एकदोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) वरखाली करून पाहा. चंद्र क्षितिजाजवळ असेल किंवा हवा धूसर असेल तर जास्त प्रकाश लागतो. फोटो रॉ फॉरमॅटमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या रूपात, घ्या.

प्रतिसाद २

पुसट का येतो, ते मी सांगते. बऱ्याच ऑटोफोकस लेन्समध्ये रिंग अनंताच्या खुणेच्या पुढेही थोडी फिरते, त्यामुळे खुणेवर विसंबू नका. लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचं थेट दृश्य) सुरू करा, १० पट मोठं करा आणि चंद्राची कड पडद्यावर आणा. रिंग केसभर पुढे, केसभर मागे करत राहा. एका क्षणी कड वस्तऱ्यासारखी धारदार दिसते. तिथेच थांबा आणि फोकस मॅन्युअलवरच राहू द्या. झूम बदललात तर हे पुन्हा करावं लागेल.

ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद करा. बटणाला हात न लावता २ सेकंदांचा टायमर वापरा. आणि कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवा! माझे एका रात्रीचे सगळे फोटो हलले होते. पडद्यावर १० पट मोठं करून पाहिलं तेव्हा कळलं, पट्टा वाऱ्याने फडफडला की चंद्र थरथरत होता.

त्याच पडद्यावर कधीकधी चंद्राची कड उकळत्या पाण्यासारखी लवथवताना दिसेल. तो फोकसचा दोष नाही, हवेचा आहे. चंद्र डोक्यावर चढेपर्यंत थांबा, कारण तिथे मधल्या हवेचा थर सर्वांत पातळ असतो. एकामागोमाग तीसचाळीस फोटो घ्या. त्यातले दोनतीन शांत क्षणी आलेले असतात.

प्रतिसाद ३

वरच्या दोघांशी सहमत, पण माझ्या मते मूळ चूक पौर्णिमा निवडण्याची आहे. त्या दिवशी ऊन चंद्रावर आपल्या पाठीमागून, समोरासमोर पडतं. सावल्याच नसतात, मग खड्डे दिसणार कसे? (टायको विवरापासून निघणारे पांढरे पट्टे मात्र पौर्णिमेलाच सुंदर दिसतात.) शुक्ल अष्टमीच्या आसपास काढा. उजेड आणि अंधाराच्या सीमेवर ऊन तिरपं पडतं आणि लहानशा कड्याचीही लांब सावली येते. त्या रात्री मध्यभागाजवळ सीमेलगत टॉलेमियस, अल्फॉन्सस आणि अर्झाचेल अशी तीन विवरं एकाखाली एक दिसतात. पुढच्या एकदोन रात्रींत कोपर्निकस विवर उन्हात येतं.

अपेक्षा किती ठेवायची तेही सांगतो. चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश रुंद आहे. ३०० मिलिमीटरवर सेन्सरवर त्याची प्रतिमा अवघी २.७ मिलिमीटरची पडते, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्यात साधारण ७०० पिक्सेल. एका पिक्सेलमागे चंद्रावरचे सुमारे ५ किलोमीटर. ९३ किलोमीटर रुंदीचं कोपर्निकस तुम्हाला १८-१९ पिक्सेलचं मिळेल. खड्डा म्हणून ओळखू येईल, पण भिंतीएवढ्या पोस्टरला ते पुरणार नाही. वहीच्या पानाएवढा प्रिंट मात्र छान येईल.

अष्टमीला उजळलेला भागही पौर्णिमेपेक्षा मंद असतो, दोनेक स्टॉप वाढवा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल अष्टमी होती. एफ/८, आयएसओ २००, १/१०० वर काढले. पट्टा काढला, टायमर लावला. फोकसची रिंग मुलीने फिरवली, कारण तिची बोटं माझ्यापेक्षा हलकी आहेत. ती श्वास रोखून पडद्याकडे बघत होती आणि एकदम म्हणाली, "बाबा, थांबा, आत्ता!" चाळीसपैकी पाच फोटो चांगले आलेत. सीमेवरची तीन विवरं एकाखाली एक आहेत, मधल्याच्या पोटातलं टोकही पुसटसं दिसतंय. तिने पेन्सिलीने कागदावर तिन्हींची नावं लिहून घेतली.

आता तिचा पुढचा प्रश्न. बारीक कोर असते तेव्हा उरलेला गोलही अंधूक दिसतो, तो कसा टिपायचा? पृथ्वीवरून परतलेला प्रकाश म्हणजे तोच ना?

प्रतिसाद २

हो, तोच. द्वितीया-तृतीयेला संध्याकाळी पाहा. त्याला खूप जास्त एक्स्पोजर लागतं, त्यात कोर पांढरी जळणारच, ते मान्य करा. फक्त शटर फार वेळ उघडं ठेवू नका. चंद्र दर दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो, ३०० मिलिमीटरवर एका सेकंदात पाचसहा पिक्सेल. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, आयएसओ १६०० च्या पुढे न्या आणि अर्ध्या सेकंदापासून सुरुवात करा. रिंग मुलीलाच फिरवू द्या.