आजीच्या पदकावरचा हिरवा चिकट थर कसा काढू?

आजीला धावण्याच्या शर्यतीत मिळालेलं चांदीचं पदक आणि तिनेच जमवलेली तांब्याची नाणी इतकी वर्षं प्लास्टिकच्या पाकिटांच्या अल्बममध्ये होती, आता सगळ्यांवर हिरवट थर आलाय, बोटाला चिकटतो, बहुतेक पाकिटांच्या पीव्हीसी प्लास्टिकचाच प्रताप. डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक नाणं भिजवून पाहिलं, थर ढिम्म हलला नाही. लिंबू-टूथपेस्ट प्लीज सुचवू नका, घासून चकाचक करायचंच नाहीये, विकायचंही नाहीये, फ्रेम करून तिलाच द्यायचंय. नाण्यांना शुद्ध ॲसिटोन चालतं हे माहितीये (नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे). घोडं अडलंय पदकापाशी, त्यावर तिच्या नावाभोवती निळा रंग भरलाय आणि रिबन कडीलाच शिवलीय, ती उसवायची नाही. हा रंग मीनाकाम आहे की साधं पेंट, हे नुकसान न करता कसं ओळखायचं? आणि पेंट असेल तर फक्त मागची बाजू ॲसिटोनने पुसली तर चालेल का?