४२९४९६७२९७ मूळ आहे का नाही? माझा प्रोग्राम हो म्हणतोय

निशाचर:
मंडळी, डोकं फिरलंय. मूळ संख्या ओळखायचा छोटा प्रोग्राम लिहिलाय, कृती साधी आहे, जी संख्या तपासायची तिच्याहून एक कमी इतके २ घेऊन त्यांचा गुणाकार करायचा, त्याला त्या संख्येने भागायचं, बाकी १ आली की मूळ. ४२९४९६७२९७ला बाकी चक्क १ येते. मित्र म्हणतो ६४१ने भाग जातो. करून पाहिलं, खरंच जातो की, भागाकार ६७००४१७ आणि बाकी शून्य! आधी वाटलं ओव्हरफ्लो (संख्या दिलेल्या जागेत न मावणं) असेल, कारण पहिल्यांदा ३२ बिटच्या व्हेरिएबलमध्ये ठेवली तर संख्येची थेट १ झाली होती (हसू नका), पण आता मोठ्या आकड्यांची लायब्ररी लावलीय तरी तेच.

बाकीशून्य:
प्रोग्राम बरोबर आहे रे, कसोटी कच्ची आहे. मूळ असेल तर बाकी १ येते (खुद्द २ सोडून), पण १ आली म्हणून मूळ असं नाही, ३४१ टाकून बघ, ११ गुणिले ३१, तरी १च येईल. त्यात तुझी संख्या म्हणजे २^३२ (२चा ३२वा घात) + १. म्हणजे २^३२ला बाकी उणे १ (पूर्ण भाग जायला एकच कमी), त्याचा वर्ग केला की २^६४ला १, आणि पुढे घात ६४च्या पटीत असला की दर वेळी १. तुझा घात २^३२, तो ६४च्या पटीत आहेच. इथे २ला विचारणं म्हणजे घरच्याच माणसाची साक्ष काढणं झालं. २च्या जागी ३ घेऊन बघ, बाकी ३०२९०२६१६० येईल.

जुनी_वही:
वाईट वाटून घेऊ नका, खुद्द गणितज्ञ फर्मा इथेच फसला होता. ३, ५, १७, २५७, ६५५३७ (२च्या १, २, ४, ८, १६व्या घातात १ मिळवून येणाऱ्या) मूळ निघाल्या म्हणून त्याला वाटलं पुढचीही असणार. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने ६४१ काढून दाखवला. मजा म्हणजे हिचा कुठलाही मूळ अवयव ६४च्या पटीहून १ने जास्तच असावा लागतो, हेही ऑयलरचंच, म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७ तपासायचे आणि पाचवा ६४१. नुसत्या कागद-पेन्सिलीचं काम!

चौकोनी_कंस:
भागाकार न करताही पकडता येते. ६५५३६² + १² तर दिसतंच, पण ६२२६४² + २०४४९² पण तेवढेच होतात. मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत दोन वेगळ्या तऱ्हांनी बसूच शकत नाही, संपला विषय. आणि हो, २०४४९ स्वतः १४३चा वर्ग आहे, का ते विचारू नका, मला नुसतं आवडतं.

निशाचर:
३ने पकडली! आता २, ५, ७ तिन्ही लावू का, म्हणजे काही निसटणार नाही?

बाकीशून्य:
५६१ टाक.

निशाचर:
तिघंही १ म्हणतायत. आणि ५६१ला ३ने सरळ भाग जातो. झोपतो आता.