मदत हवी आहे: ताकद आणि लवचिकता दोन्ही कसं सांभाळता?
नमस्कार मंडळी, मी सकाळी जोर-बैठका आणि डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) करतो, ताकद छान वाढलीये पण हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचे स्नायू) आणि खुबे इतके आखडलेत की जपाला मांडी घालून बसलं की थोड्याच वेळात गुडघे बोलायला लागतात. व्यायामाआधी बराच वेळ ताणून धरलं तर वजन उचलताना जोर कमी पडतो, म्हणून ताणणं आता शेवटी ठेवलंय. पूर्ण खाली जाऊन बैठका मारल्या तर त्यानेच सांधे मोकळे होतात असं वाचलंय, कुणी खरंच करून बघितलंय का?

दुसरं म्हणजे साधनेचं. नेम कडक पाळतो, पण घरात कुणी आजारी असलं की वेळ चुकते आणि मग दिवसभर चिडचिड, हे मला खरंच खूप लागतं. पतंजलींनी योगसूत्रांत आसन स्थिर हवं तसंच सुखाचंही हवं म्हटलंय (2.46), अभ्यासासोबत वैराग्यही सांगितलंय (1.12). मल्लखांबवाली पोरं बघा, पकड पोलादी आणि पाठ वेताची!

चाळिशीनंतर ज्यांनी हे जमवलंय त्यांनी प्लीज सांगा, आठवड्याचं वेळापत्रक कसं लावता आणि नेम कुठे सैल सोडता?