शाळेचा सर्व्हर आणि आधीचं नेटवर्क: घरच्या ग्रुपवर झालेलं बोलणं

ताई: दादा, मोकळा झालास की बघ. शाळेत मुलांच्या शुगरवाल्या लॅपटॉपसाठी (शुगर म्हणजे लहान मुलांना शिकण्यासाठीची सिस्टिम) सर्व्हर आलाय. मुलांनी एकाच पानावर मिळून लिहायचं, एकमेकांना चित्रं दाखवायची, त्यासाठीचा. शाळेत आधीचं नेटवर्क आहेच: ऑफिसचा राउटर, दोन प्रिंटर, वर्गातला वायफायचा डबा. ज्यांनी सर्व्हर दिला त्यांनीच तो जोडून दिला, आणि दुसऱ्या दिवसापासून ऑफिसातून प्रिंट निघेना. मोठे सर म्हणतात, बंदच ठेवा. मला तो बंद ठेवायचा नाहीये.

दादा: प्रिंट कुणाचीच निघत नाही की काहींची निघते?

ताई: काहींची निघते. आणि रोज वेगवेगळ्यांची अडकते.

दादा: मग एक कर. जिथून प्रिंट जाते त्या कॉम्प्युटरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, पाठव आणि जिथून जात नाही त्याचाही.

ताई: जाते तिथे १९२.१६८.१.२३. जात नाही तिथे १७२.१८.९६.१४.

दादा: सापडलं. ऑफिसचा राउटर १९२.१६८.१ चे पत्ते वाटतो. १७२.१८.९६ वाला पत्ता त्याने दिलेलाच नाही, तो नव्या सर्व्हरने दिलाय. तुमच्याकडे आत्ता डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायची सोय, दोन ठिकाणी चालू आहे. कॉम्प्युटर सुरू झाला की सगळ्या नेटवर्कला ओरडून विचारतो, मला कुणी पत्ता देता का. दोघंही उत्तर देतात, आणि बहुतेक वेळा ज्याचं आधी पोचेल त्याचा पत्ता तो घेतो. ज्याला सर्व्हरचा मिळाला त्याला प्रिंटर सापडत नाही. कोण आधी पोचेल याचा नेम नाही, म्हणून रोज वेगळा माणूस अडकतो.

काका: अरे, पण मुलांच्या लिहिण्या-बोलण्याचा सर्व्हर आहे ना तो? त्याने पत्ते वाटायचे कशाला?

दादा: काका, योग्य विचारलंत. हे सर्व्हर ओएलपीसीच्या, म्हणजे 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' प्रकल्पाच्या, शाळा-सर्व्हरच्या वंशातले. तो बनला तेव्हा गृहीत असं होतं की शाळेत नेटवर्क नावाचं काही नसणारच. म्हणून पत्ते वाटणं, नावं सोडवणं (नावावरून पत्ता सांगणं), बाहेरचं इंटरनेट आत आणणं, मुलांची जोडणी, सगळं एकाच खोक्यात घातलं. जिथे काहीच नाही तिथे ही रचना फार उपयोगी आहे. ताईच्या शाळेत आधीपासून राउटर आहे, तिथे ती आडवी येते. पुढे एक्सएससीई म्हणून जी लोकांनी चालवलेली आवृत्ती आली, तिने या गोष्टीसाठीच तीन भूमिका ठेवल्या: गेटवे, लॅन कंट्रोलर आणि अप्लायन्स. गेटवे म्हणजे सगळं नेटवर्क त्याच्यामागे. लॅन कंट्रोलर म्हणजे पत्ते आणि नावं त्याच्याकडे, पण बाहेरचा रस्ता दुसऱ्याकडे. अप्लायन्स म्हणजे तो नेटवर्कवरचा एक साधा सभासद, प्रिंटरसारखा.

ताई: मग आमचा आत्ता कशात आहे?

दादा: लॅन कंट्रोलर किंवा गेटवे. त्याला अप्लायन्स कर. डीएचसीपी पूर्ण बंद. त्याला कायमचा एक पत्ता दे, १९२.१६८.१.१० म्हण. फक्त राउटर ज्या पत्त्यांतून वाटप करतो त्यात हा १० येत नाही ना, ते आधी बघ.

वहिनी: ताई, राउटरच्या पानावर डीएचसीपीत सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा दिसेल. दोन्ही इथे टाका.

ताई: १०० ते १४९.

वहिनी: म्हणजे १० मोकळा आहे. पण वाटायला पत्ते फक्त ५० आहेत. ऑफिसचे कॉम्प्युटर, शिक्षकांचे फोन आणि वर तीस लॅपटॉप आले की ते संपतील, आणि मग एखाद्याला वायफाय जोडलेलं दिसेल पण पत्ताच मिळणार नाही. शेवटचा आकडा २४९ करा.

भाची: ताईमावशी, मग मुलांच्या लॅपटॉपमध्ये सेटिंगला जाऊन सर्व्हरच्या जागी तो १० वाला आयपी टाकला की झालं ना?

दादा: तिथेच अडेल, बाळा. मुलं एकमेकांना दिसतात ती एक्सएमपीपी या निरोपांच्या पद्धतीवर, जॅबर म्हणायचे त्याला पूर्वी. त्यात प्रत्येक मुलाचं खातं ईमेलसारखं असतं, ॲटच्या पुढे सर्व्हरचं नाव. सर्व्हरमधला ही जोडणी सांभाळणारा प्रोग्राम, ईजॅबरडी, फक्त त्याला सांगून ठेवलेल्या नावालाच ओळखतो. लॅपटॉपने आयपी घेऊन दार वाजवलं तर तो "या नावाचा यजमान इथे नाही" असं सांगून जोडणी तोडतो. तार, पत्ता, वायफाय सगळं बरोबर आणि तरी मुलं दिसत नाहीत, असं चित्र दिसतं.

ताई: मी आयपीच टाकला होता सगळीकडे.

दादा: काढ, आणि नाव टाक. ते नाव १९२.१६८.१.१० वर जातं हे राउटरच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नाव-पत्त्यांच्या यादीत, लिहायचं. बऱ्याच राउटरना होस्टचं नाव आणि पत्ता लिहायची सोय असते, तुमच्यात शोध.

काका: आणि नसली तर?

दादा: तर नावं सोडवायला राउटरने शाळा-सर्व्हरचा पत्ता सगळ्यांना द्यायचा. पण मला ते आवडत नाही. सर्व्हर बंद पडला की ऑफिसातलं सगळं इंटरनेट बंद पडल्यासारखं वाटतं, आणि मोठे सर पुन्हा म्हणणार, काढा तो. ऑफिसचं काम या सर्व्हरवर एका गोष्टीपुरतंही अवलंबून राहू नये, इतकं तरी सांभाळायलाच हवं. ताई, राउटरमध्ये सोय आहे का बघ आधी.

ताई: आहे. "स्टॅटिक होस्ट" म्हणून पान आहे. लिहिलं.

(दुसऱ्या दिवशी)

ताई: ऑफिसची प्रिंट आता व्यवस्थित. सर खूश. पण वर्गात विचित्र झालंय. पहिला लॅपटॉप ज्या मुलीचा सुरू केला ती नेबरहुडच्या पडद्यावर, जिथे जोडलेली मुलं दिसतात तिथे, एकटीच दिसते. बाकीची मुलं एकमेकांना दिसतात, पण ती कुणालाच दिसत नाही, आणि तिलाही बाकीचे दिसत नाहीत.

दादा: हे फार उपयोगाचं निरीक्षण आहे. शुगरमध्ये मुलं दिसण्याचे दोन रस्ते असतात. सर्व्हर मिळाला तर सर्व्हरमार्फत. नाही मिळाला तर लॅपटॉप आजूबाजूच्यांना स्वतःच हाक मारतात, आणि ती हाक राउटरपलीकडे जात नाही. सर्व्हरला जोडला गेला की दुसरा रस्ता बंद होतो. म्हणजे ती मुलगी सर्व्हरवर आहे आणि बाकीचा वर्ग सर्व्हरवर पोचलेलाच नाही. "बाकीचे दिसतात, म्हणजे चालतंय" यावर विसंबू नकोस. नाव बरोबर टाकलंय सगळ्यांत?

ताई: एकेक तपासून टाकलंय.

वहिनी: मला सर्व्हरच्या लॉगचं, म्हणजे त्याच्या नोंदींचं, शेवटचं पान पाठवता का? ईजॅबरडीचं.

ताई: फोटो पाठवलाय.

वहिनी: बघा, पहिलं खातं उघडलं गेलं. त्यानंतरच्या प्रत्येकाला "इतक्या भराभर खाती उघडता येणार नाहीत" अशा अर्थाचं उत्तर मिळालंय. आणि सगळ्यांचा पत्ता एकच आहे, १९२.१६८.१.१०३. तीस लॅपटॉप आणि पत्ता एक, असं का?

दादा: वर्गातला वायफायचा डबा! तो स्वतःच राउटर म्हणून बसलाय. त्याच्यामागे मुलांना वेगळे पत्ते मिळतात आणि बाहेर येताना सगळी मुलं त्याच्या एका पत्त्याने येतात. सर्व्हरच्या दृष्टीने तो एकच लॅपटॉप, पुन्हा पुन्हा खातं मागणारा. शुगर पहिल्यांदा जोडताना आपोआप खातं उघडतं, आणि ईजॅबरडीत एका पत्त्यावरून दोन खात्यांत ६०० सेकंदांचं अंतर मुळातच ठेवलेलं असतं, गैरवापर होऊ नये म्हणून. दहा मिनिटांना एक मूल. तिसाव्याचा नंबर लागायला जवळपास पाच तास.

काका: ती मर्यादा काढून टाकता येत नाही का?

दादा: येते काका, एका ओळीचं काम आहे. पण ती मर्यादा गरजेची आहे आणि खरा दोष डब्याच्या जोडणीत आहे. आज मर्यादा काढली तर उद्या दुसरी कुठली तरी गोष्ट त्या दुहेरी राउटरमुळे अडेल, आणि कोणत्या मुलाचा लॅपटॉप अडकलाय हे लॉगवरून कधीच कळणार नाही. ताई, वर्गातल्या डब्यात जाऊन ॲक्सेस पॉइंट (नुसतं वायफाय देणारा, पत्ते न वाटणारा) असा प्रकार निवड. तो नसेल तर त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ कर, त्याचा डीएचसीपी बंद कर, आणि भिंतीतून आलेली तार वॅनच्या (बाहेरच्या जोडणीच्या) खाचेतून काढून लॅनच्या (आतल्या जोडणीच्या) खाचेत घाल. याच क्रमाने. आधी तार हलवलीस तर पुन्हा दोन डीएचसीपी एकमेकांसमोर येतील आणि ऑफिसची प्रिंट अडकेल.

वहिनी: आणि त्यातच "क्लायंट आयसोलेशन" असं काही चालू असेल तर बंद करा. ते लॅपटॉपना एकमेकांशी बोलू देत नाही.

ताई: उद्या शाळा सुटल्यावर करते, वर्ग चालू असताना नको.

भाची: मामा, मुलांना घरून पण त्या सर्व्हरवर जाता आलं तर? सुट्टीत एकत्र लिहिता येईल.

वहिनी: नाही गं. त्यासाठी राउटरमधून ५२२२ हा पोर्ट, म्हणजे सर्व्हरकडे जायचं दार, बाहेर उघडावा लागेल. या सर्व्हरवर कुणीही मागितलं की खातं मिळतं, तशीच सोय ठेवलीय लहान मुलांसाठी. असा सर्व्हर बाहेर उघडा ठेवला की स्पॅम पाठवणारे येऊन खाती उघडतात, आणि आत लहान मुलं असतात. आतल्या आतच राहू दे.

काका: आणि पुढे सगळी शाळाच यावर आणली तर झेपेल का?

दादा: त्यात एक मेख आहे. यात सगळ्यांना सगळे दिसतात. एक मूल आलं की बाकीच्या प्रत्येकाला निरोप जातो. तीस मुलं सकाळी आली की ३० गुणिले २९, ८७० निरोप. दोनशे झाली की ३९,८००. मुलं सातपट, निरोप पंचेचाळीसपट. शिवाय दोनशे चेहऱ्यांच्या गर्दीत आपल्या बाकावरचा मित्र शोधायचा कसा? वर्गवार गट कर, ईजॅबरडीत शेअर्ड रोस्टरचे, म्हणजे सामायिक नावांच्या यादीचे, गट करता येतात. मुलाला आपला वर्ग दिसला की पुरे.

(दोन दिवसांनी)

ताई: डबा बदलला, तू सांगितलेल्या क्रमानेच. सातवीचा वर्ग सगळा दिसतोय! चार जणींनी मिळून एका पानावर गोष्ट लिहिली, एकीने ओळ खोडली तर दुसरी लगेच ओरडली. फक्त एक लॅपटॉप कुणाला दिसत नाहीये. वायफाय जोडलेलं आहे, इंटरनेटही चालतंय.

दादा: त्याचा पत्ता?

ताई: १९२.१६८.१.१३१.

दादा: पत्ता ठीक आहे. सर्व्हरच्या रकान्यात काय लिहिलंय?

ताई: १९२.१६८.१.१०. हा त्या दिवशी बंद होता, चार्जिंगला. राहिला.

दादा: नाव टाक आणि शुगर परत सुरू कर. नुसतं सेव्ह करून भागत नाही.

ताई: दिसला. दादा, वहिनी, आता आठवीचे लॅपटॉप दहा-दहाने घेते. गट मात्र मला जमणार नाहीत.

वहिनी: रविवारी मला फोन लावा, बसून करू. त्याआधी सर्व्हरच्या सेटिंगची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा.