निवांत वेळीच ५०२ येतो, आणि तोही फक्त पोस्टवर

निळाशार
पुढे एनजिनएक्स (रिक्वेस्ट मागे पोचवणारी प्रॉक्सी), मागे नोड (आमचा जावास्क्रिप्ट कोड चालवणारा सर्व्हर). अपस्ट्रीमला, म्हणजे नोडकडच्या बाजूला, कीप-अलाइव्ह (तेच कनेक्शन उघडं ठेवून पुन्हा वापरणं) चालू केल्यापासून अधूनमधून ५०२ (मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर न मिळाल्याचा एरर कोड) येतो. पोस्टवरच (माहिती पाठवणारी रिक्वेस्ट) येतो, गेटवर (माहिती मागणारी) नाही. एनजिनएक्सच्या लॉगमध्ये ‘कनेक्शन रिसेट बाय पिअर’ (समोरच्याने कनेक्शन तोडलं), नोडच्या लॉगमध्ये त्या रिक्वेस्टचा मागमूस नाही. गर्दीत त्रास कमी, ट्रॅफिक थंडावलं की जास्त. रीड टाइमआउट (उत्तराची वाट पाहायची मुदत) ६० वरून १२० सेकंद केला, काही फरक नाही.

पॅकेटवाला
रीड टाइमआउट पूर्ववत करा. तो संपला असता तर ५०४ (उत्तर मुदतीत न आल्याचा कोड) दिसला असता.

एचटीटीपी १.१ मध्ये रिकामं पडलेलं कनेक्शन दोन्हींपैकी कोणतीही बाजू केव्हाही बंद करू शकते, आधी कळवायची सक्ती नाही. नोडचा कीप-अलाइव्ह टाइमआउट मुद्दाम बदलला नसेल तर बहुधा ५ सेकंद असतो. एनजिनएक्स अपस्ट्रीमचं रिकामं कनेक्शन ६० सेकंद राखून ठेवतो. म्हणजे आधी नोडच फिन (कनेक्शन बंद करतोय असं सांगणारं पॅकेट) पाठवणार. ते पॅकेट वाटेत असतानाच एनजिनएक्सने त्या कनेक्शनवर नवी रिक्वेस्ट टाकली, तर पलीकडचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) थेट आरएसटी (कनेक्शन तिथेच तोडणारं पॅकेट) परत करतो. रिक्वेस्ट नोडच्या कोडपर्यंत पोचतच नाही, म्हणून लॉग कोरा. गर्दीत कनेक्शन ५ सेकंद रिकामं राहतच नाही.

नोडचा टाइमआउट ६५ सेकंद करा. आकडा मिलिसेकंदात द्यायचा, म्हणजे ६५०००. उलट एनजिनएक्सचा ४ सेकंद केला तरी चालेल, पण तो अपस्ट्रीम ब्लॉकमधला. त्याच नावाची, ब्राउझरकडच्या बाजूची ७५ सेकंदांची सेटिंग वेगळी आहे आणि इथे तिचा काही उपयोग नाही. मध्ये लोड बॅलन्सर (रिक्वेस्ट अनेक सर्व्हरवर वाटणारा) असेल तर हाच नियम दर टप्प्याला: आतल्याने बाहेरच्यापेक्षा जास्त वेळ थांबायचं.

निळाशार
मग गेट कशा सुटतात?

तळटीप
सुटत नाहीत. एनजिनएक्स त्या गुपचूप पुन्हा पाठवतो. गेट, हेड, पुट, डिलीट या प्रकारच्या रिक्वेस्ट दोनदा गेल्या तरी सर्व्हरवरचा परिणाम एकदाच गेल्यासारखा असतो. पोस्ट आणि पॅचबद्दल तशी हमी नाही, आणि आरएसटी येण्याआधी पलीकडे काम झालं की नाही हे प्रॉक्सीला कळायला मार्ग नाही. रिट्रायच्या सेटिंगमध्ये ‘नॉन-आयडेम्पोटंट’ (अशी हमी नसलेल्या रिक्वेस्टही पुन्हा पाठव) घालून ५०२ झाकू नका, कृपया. एक ऑर्डर दोनदा नोंदली जाईल. पुन्हा पाठवणं गरजेचंच असेल तर क्लायंटने प्रत्येक व्यवहाराला वेगळी की (ओळखखूण) द्यावी आणि सर्व्हरने ती तपासून आधीचंच उत्तर परत करावं.

एचटीटीपी २ मध्ये यावर गोअवे फ्रेम (कनेक्शन बंद होतंय हा संदेश) आहे. सर्व्हर शेवटचा स्ट्रीम क्रमांक कळवतो (एकाच कनेक्शनवरची प्रत्येक रिक्वेस्ट म्हणजे एक स्ट्रीम). त्यापुढच्या स्ट्रीमना हातही लागलेला नसतो, त्यामुळे त्यातली पोस्टसुद्धा बिनधास्त पुन्हा पाठवता येते.

पॅकेटवाला
बदल केल्यावर टीसीपीडंप (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं टूल) लावून नोडच्या पोर्टवरचे फिन आणि आरएसटी पाहा. रिकाम्या कनेक्शनवरचा पहिला फिन आता एनजिनएक्सकडून निघायला हवा. अजूनही नोडकडूनच निघत असेल तर नवी सेटिंग लागू झालेली नाही.